रिठ्यानं धुतलेल्या वाघिणी

बापूरावांचं नाव निघालं की मला आधी वास येतो. माणूस मागाहून आठवतो. सरसाचा वास. कातडी अन् हाडं उकळून जो सुताराचा सरस करतात, तो चुलीवर पातळ होताना जो वास सुटतो तो. पाठोपाठ वंगणाचा, काजळीचा, जनावराच्या वाघिणीतल्या वाळक्या शेणाचा. एवढं सगळं नाकातून जाऊन झालं की मग त्यांचा चेहरा येतो, अन् तो येईस्तोवर माझं तोंड वाकडं झालेलं असतं.

हे लिहायचं कारण म्हणजे परवा एका लग्नात पंगतीला बसले असता शेजारची एक बाई मला सांगू लागली, की तुमच्या शेजारी म्हणे मोठे कलावंत राहत होते, बोटाएवढी मालगाडी करायचे, विलायतेत असते तर सोन्यानं मढवले असते. मी जिलबीचा तुकडा तसाच पानात ठेवला. म्हटलं, बाई, तुम्ही गाडी ऐकलीत, मी घर पाहिलं आहे.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं. आमचे हे खामगाव स्टेशनात तारबाबू अन् बापूराव मालबाबू. क्वार्टरं लागून लागून, मधे पुरुषभर उंचीची भिंत, तिला एक भगदाड पडलेलं. त्या भगदाडातून विस्तव जायचा, ताक जायचं, अन् दोन्ही घरांतलं सगळं बोलणं जायचं. कापसाच्या दिवसांत जिनातून गठाणी येत, मालधक्क्यावर वाघिणींची रांग लागे, अन् जलंबकडे जाणारी गाडी भरेस्तोवर बापूराव घरी येत नसत. मालगाडीच्या डब्याला आमच्याकडे वाघीण म्हणत. बापूरावांच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. पोरंबाळं नव्हती त्यांना. होत्या त्या वाघिणी.

अंगानं किडकिडीत, मान जरा पुढं काढलेली, डोळे सदा कशाच्या तरी खाली वाकून पाहत असलेले. कुणाशी बोलतानाही ते त्याच्या जोड्यांकडे पाहत. भांडकुदळ नव्हते, दारू नाही, बाई नाही, पत्ते नाहीत. म्हणून तर बायका गोदाबाईला, त्यांच्या बायकोला, म्हणत, तू नशिबाची. मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं.

कोण्या गोऱ्या फोरमननं बदली होऊन जाताना त्यांना एक चित्रांचं पुस्तक दिलं होतं. त्यात साहेबलोकांनी घरात मांडलेल्या छोट्या आगगाड्या होत्या, डोंगर, बोगदे, पूल, सारं. ते पाहून बापूराव जे बिघडले ते बिघडले. सिगारच्या खोक्याचं लाकूड, घासलेटच्या डब्याचा पत्रा, जिनातल्या खरादीकडून यंत्रावर घोटून आणलेली चाकं, यांच्यातून ते वितीहून लहान वाघीण उभी करीत. दाराला कडी, कडीला खिट्टी, खिट्टीला साखळी. पत्र्यावर रिव्हेटांची जी गोल टोकं दिसतात, त्यासाठी त्यांनी खसखस धरली. सुईच्या टोकावर एकेक दाणा उचलायचा, सरसात टेकवायचा अन् पत्र्यावर बसवायचा. ती खसखस गोदाबाईनं अनारशांसाठी जपून ठेवलेली. त्या दिवाळीत अनारसे झाले नाहीत. विचारलं तर बापूराव म्हणाले, रिव्हेटाबिगर वाघीण कशी चालंन?

गंमत म्हणजे चालायचीच नाही ती. इंजीन त्यांनी केलंच नाही. मालबाबूचा इंजिनाशी काय संबंध, असं म्हणत. बोटानं ढकलून वाघिणी पुढं-मागं करीत, अन् तोंडानं आवाजही काढत नसत. आवाज काढला असता तर मला ते थोडे माणसात तरी वाटले असते.

वाघीण तयार झाली की तिला मळवायचं काम सुरू होई. त्यातच त्यांचा जीव. नवी कोरी वाघीण त्यांना बघवत नसे. म्हणत, "वहिनी, जगात स्वच्छ वाघीण कुठंच नसते. जिथं माल हाय तिथं मळ हाय." मग स्टेशनातल्या खऱ्या वाघिणी खरवडून ते मळ घरी आणत. तांबेरा वेगळा, कोळशाची भुकटी वेगळी, मिठाच्या वाघिणीची पांढरी खपली वेगळी, जनावरांच्या वाघिणीतलं शेण वेगळं. कबुतराची घाणसुद्धा. हे सगळं ठेवायला डबी हवी, तर गोदाबाईचा मिसळणाचा डबा त्यांनी उचलला. पितळेचा, आत वाट्या, तिच्या आईनं लग्नात दिलेला. हळद, तिखट, जिरं कागदाच्या पुड्यांत गेलं अन् वाट्यांत ही घाण बसली. मी भगदाडातून पाहिलं अन् म्हटलं, हे काय गं? गोदाबाई म्हणाली, "जाऊ द्या बाई, पुड्यातलं तिखटई तिखटच लागते." तिच्या ह्या जाऊ द्याचाही मला वीट यायचा, खरं सांगते.

सरस तिच्याच चुलीवर उकळायचा. माळकऱ्याची लेक ती, माहेरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद, अन् इथं चुलीवर गुराची हाडं. आधी भाकरी करून घ्यायची, मग चूल त्यांच्या हवाली, मग सारवून पुन्हा चहा. एकदा ते भांडं कललं. बापूराव वाघिणीचं छत दोन्ही हातांनी दाबून बसलेले, सोडता येईना, म्हणून ओरडले, धर, धर. तिनं धरलं. कढता सरस उजव्या हाताच्या अनामिकेवरून ओघळला अन् तिथंच चिकटला. सरस पाण्यासारखा वाहून जात नाही, कातडीसकट सुटतो. ते बोट पुढं बरं झालं पण आत वळलेलं राहिलं, तळव्याकडे पाहणारं. त्या दिवशी मी खोबरेल घेऊन धावले तेव्हा बापूराव पाहत होते ते छताकडे. म्हणाले, बरं झालं, बसलं नीट.

हळूहळू नुसत्या वाघिणींनी त्यांचं भागेना. त्यांना रूळ हवे झाले, अन् रूळही जलंबची आपली फांदी नको, बडी लाइन हवी. मलकापूर ते शेगाव, मधे नांदुरा, मधे जलंब, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. माजघरात तिपायांवर फळ्या मांडल्या अन् गोदाबाईचं अंथरूण स्वयंपाकघरात गेलं. कागद अन् मेथ्या कुटून केलेल्या लगद्याचा सातपुडा, घोसाळ्याच्या जाळीच्या बाभळी, काडीकाडीला कापसाचं बोंड लावलेली शेतं, नळगंगेवरचा पूल. खोटं कशाला बोलू, मलकापूरच्या पुलापाशी उभं राहून एका टोकाला डोळा लावला की क्षणभर आपण खिडकीत बसलोय असं वाटे. त्याचाच जास्त राग यायचा. एवढं दिसणारा डोळा ह्या माणसाला देवानं दिला अन् तो लावायचा कुठं हे सांगायला विसरला.

ह्या रेल्वेत गोदाबाईचं एकच काम होतं. तिचं माहेर नांदुऱ्याचं. स्टेशनाच्या मालधक्क्यामागं बापाचा भाजीचा मळा, मळ्यात दोन खणांचं घर, दारात नीम. लहानपणी त्या निमाखाली बसून ती शिट्टीवरून गाड्या मोजायची. लग्न होऊन खामगावला आली, ती पहिल्या दोनचार सणांना गेली असेल, मग नाहीच. बापूरावांना पास मिळायचा, पण तो ठिकठिकाणच्या वाघिणींचे डाग पाहायला लागायचा. तिनं एक दिवस लुगड्याला हात पुसत, माझ्यादेखत, त्यांना म्हटलं, "नांदुऱ्यापाशी मायं घर लावसान काय? निमासंग?"

बापूराव वाकलेलेच होते. म्हणाले, "ते दिसत नाई तिथून. मालधक्का आडवा येते."

एवढंच. तिनं पुन्हा विचारलं, सणावारी विचारलं, चहा देताना विचारलं, हसून विचारलं. उत्तर तेच. गाडीच्या खिडकीतून जे दिसत नाही ते फळीवर येणार नाही. काडेपेटीएवढं घर मागत होती हो बाई. तेवढ्या खसखशीत झालं असतं.

त्याची खातरी करायला म्हणे ते एकदा पास काढून नांदुऱ्याला गेले. गोदाबाईला कोण आनंद. तिनं आईसाठी तिळाचे लाडू केले, खणाचा तुकडा घातला, गाठोडं बांधलं. मला म्हणाली, जवाई येऊन राह्यला म्हटल्यावर माय निमाखालीच बसून राहीन. संध्याकाळी बापूराव परतले ते गाठोडं जसंच्या तसं घेऊन. धक्क्यावरच्या एका मिठाच्या वाघिणीवर पाण्याचे ओघळ कसे उतरले होते ते टिपण्यात दिवस गेला, गाडीची वेळ झाली. मळा धक्क्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. मागून तिच्या भावाचा निरोप आला की आई दिवसभर दारात होती. गोदाबाईनं ते लाडू माझ्याकडे भगदाडातून सरकवले. मी आमच्या ह्यांना दिले, माझ्यानं काही एक गिळवला नाही.

त्या साली खामगावात कापसाचं मोठं प्रदर्शन भरायचं ठरलं, दसरा झाल्या झाल्या. जिनवाल्या शेटजींनी बापूरावांच्या बड्या लाइनीला एक अख्खा तंबू देऊ केला. साहेब उद्घाटनाला येणार, तोही पाहणार. बापूराव जेवेनासे झाले. दिवसभर धक्क्यावर, उरलेला वेळ माजघरात, एकेका वाघिणीला मळ चढवीत. तांबेऱ्यावर काजळी, काजळीवर धूळ, धुळीवर पाण्याचा ओघळ, ओघळाच्या कडेला पानाची पिंक. पिंक खरीच. पान खाऊन, काडीनं लावलेली. शी. मी तेव्हापासून त्या माजघरात पदर नाकाला लावूनच गेले.

अन् आली खंडेनवमी.

आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात, हे काय सांगायला हवं? सुतार करवत घासतो, शेतकरी वखर धुतो, गाडीवान गाडी. रेल्वेच्या चाळीतही कंदील, झेंड्या, आमच्या ह्यांचं तारेचं यंत्र, सगळ्याला झेंडूचं फूल लागायचं. बापूराव जलंबला ड्यूटीवर गेलेले. सकाळी गोदाबाई भगदाडात आली अन् म्हणाली, बाई, रिठे हायेत काय? मी विचारलं, कशाला? तर म्हणे, त्यायच्या वाघिणी साहेबापुढं चालल्या, अन् किती मळल्या पाहा. हत्यारं असे घाणेरडे पुजतात काय कोणी?

रिठे मी दिले. मला आजही त्याचं काही वाटत नाही.

दिवसभर अंगणात बसून तिनं एकेक वाघीण धुतली. रिठ्याच्या पाण्यात फडका बुडवून, दारंखिडक्यांत काडीला कापूस गुंडाळून, बाळाचे कान पुसावे तशी. तांबेरा गेला, काजळी गेली, पिंक गेली. खसखशीचे बरेच रिव्हेटही सरसासकट सुटून पाण्यात गेले, ते तिला ठाऊक नव्हतं. मग जवसाचं तेल चोळलं. मग पाटावर रांगेनं मांडून प्रत्येकीला कुंकू लावलं. बायका अनामिकेनं लावतात, पण तिची ती अनामिका वळलेली, म्हणून ती मधल्या बोटानं लावायची, अन् ते आखडलेलं बोट शेजारून रेटायचं म्हणून तिचा टिळा जरा डावीकडे कलायचा. माझ्या कपाळावर हळदीकुंकवाला तो तसाच कलता यायचा, मी ओळखायची. प्रत्येक वाघिणीवर एक कलता टिळा अन् एक झेंडूचं फूल. माजघरातल्या फळ्यांवर तिनं त्या परत मांडल्या, समोर समई लावली, अन् स्वतः चांगलं लुगडं नेसून बसली. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "आता पाह्यतीन तं म्हणतीन, घर मांग, काय पाह्यजे ते मांग."

बापूराव आले. मी भगदाडातच होते. ते उंबऱ्यात थांबले. ओरडतील, हात उगारतील, निदान रडतील असं मला वाटलं. त्यांनी एक वाघीण उचलली, उजेडात धरली, नखानं कुंकू खरवडून पाहिलं. ते तेलासंगं लाकडात मुरलं होतं. मग म्हणाले, "हे वाघिणी नाईत. हे भांडे हायेत."

तिच्याशी बोललेलं त्यांचं हे शेवटचं वाक्य.

प्रदर्शनाला ते गेले नाहीत. तंबूत शेटजींनी कपाशीची बोंडं मांडली. धुतलेल्या वाघिणी बापूरावांनी पोत्यात भरून मागच्या कोळशाच्या ढिगात टाकल्या अन् दुसऱ्या दिवसापासून नव्या करायला घेतल्या. घरात बोलायचं असलं की ते भिंतीकडे तोंड करून बोलत, नाहीतर माझ्यामार्फत. वहिनी, त्यायले सांगा चूल मोकळी करा. वहिनी, त्यायले सांगा मले उशीर होईन. मी एकदा तोंडावर म्हटलं, भाऊजी, मी काय तुमची तारबाबू आहे? तर माझ्या पायांकडे पाहत निघून गेले. तीही तशीच. तिकडून त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगायची, बाई, त्यायले म्हणा भाकर झाली. नवराबायको एका छपराखाली अन् मधे मी. किळस आली होती मला त्या घराची. पण भगदाड बुजवलं नाही, कारण पलीकडे ती होती.

असं किती वर्षं चाललं ते मोजण्यात अर्थ नाही. मग तिला हिवताप धरला. हाडं उरली. कुनैन देऊन डॉक्टरनं हात झटकले. मी उशाशी बसायची. बापूराव पलीकडच्या खोलीत, दार उघडं, सुईवर खसखस. एक दिवस तिनं डोळे उघडले अन् म्हणाली, "बाई, त्यायले विचारा. नांदुऱ्याचं घर लावलं काय?"

मी उठून दारात गेले. त्यांनी ऐकलं होतंच, तरी मी विचारलं. म्हटलं, भाऊजी, ती विचारते आहे. लावा नं ते घर. काडेपेटी ठेवा एक, मी रंगवून देते.

मान वर न करता ते म्हणाले, "मालधक्क्यामांगं ते दिसतच नाई, वहिनी. कसं लावू?"

मी परत येऊन बसले. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला उत्तर ऐकू गेलं होतं. जाऊ द्या बाई, असं ती ह्या वेळी म्हणाली नाही.

ती गेली. लोक म्हणाले, सवाष्ण गेली, भाग्याची. मी तोंडात पदर कोंबला, नाहीतर चारचौघांत काही बोलून बसले असते.

आमची बदली अकोल्याला झाली. सामान बांधून झाल्यावर आमचे हे म्हणाले, बापूरावांचा निरोप घेऊन ये, शेजारधर्म आहे. मी समोरच्या दारानं गेले. सकाळचं ऊन माजघरात आलेलं, अन् फळ्यांवर बडी लाइन आता पुरी झाली होती. मलकापूर, नळगंगा, नांदुरा, जलंब, शेगाव. अन् रुळांवर उभ्या साऱ्या वाघिणींवर, तांबेऱ्याच्या अन् काजळीच्या वर, एकेक कुंकवाचा टिळा. ताजा नव्हता. विटलेला, कडेनं उडालेला, पावसानं थोडा ओघळलेला. पावसात उभ्या वाघिणीवरचा दसऱ्याचा टिळा माघापर्यंत जसा दिसेल, हुबेहूब तसा.

नाकाला लावलेला पदर मी खाली घेतला, हेही सांगून टाकते. वाटलं, अखेर उमगलं ह्या माणसाला.

मग बापूरावांनी फडक्यातून एक जुनी वाघीण काढून माझ्यापुढं धरली. धुतलेली, तेल मुरलेली. गोदाबाईनं पोत्यातून एक काढून देवघरात ठेवली होती म्हणे, देवांच्या मागं. ती सामान आवरताना त्यांना सापडली. बोटानं तिच्यावरचा टिळा दाखवत ते म्हणाले, "हा पाहा वहिनी, कसा डावीकडं कलते. हे मले जमून नाई राह्यलं. मी अनामिकेनं लावून पाह्यला, तो सरळ पडते. तुमी तं तिथंच होत्या. कोणत्या बोटानं लावला होता?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, पायांकडे नाही. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. एक डाग जमत नव्हता, त्याची काळजी होती.

मी वाकून नांदुरा पाहिला. मालधक्का होता, गठाणी होत्या, सांडलेलं मीठ होतं, पाण्याच्या टाकीखालचा ओलावासुद्धा होता. मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. धक्क्यामागं नुसती भुरी माती पसरलेली. घर नव्हतं, नीम नव्हता.

म्हटलं, येते भाऊजी.

उंबऱ्याशी मी एकदा वळले. ते फळीवर वाकले होते. डाव्या हातात ती जुनी वाघीण, पुढ्यात कुंकवाची वाटी, त्याच मिसळणाच्या डब्यातली. उजव्या हाताची बोटं एकामागून एक कुंकवात बुडवून ते लाकडाच्या तुकड्यावर टेकवत होते, मान कलती करून पाहत होते, पुसत होते. अंगठा झाला होता. मधल्या बोटापर्यंत ते पोचले असतीलच. पण त्यानं काही व्हायचं नव्हतं. तो टिळा तसा कलायला शेजारचं बोट आत वळलेलं लागतं, अन् ते वळायला त्यावर कढता सरस सांडावा लागतो.

मी घरी आले, घंगाळातलं पाणी घेतलं, अन् गाडीची वेळ होत आली असतानाही कितीतरी वेळ हात धूत बसले.